बिशप नेमायचा कोणी? स्कॉटलंड, आयर्लंड आणि उत्तर कोकण

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे दर वर्षी चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. यात्रेतील मोठा मान ध्वजाचा. तो ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा, आणि रात्री गडावर चढून तो लावणारा पुजारी आदिवासी. मान राजघराण्याचा, सेवा स्थानिक कुळाची. ही विभागणी इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी कोणाला प्रश्न पडत नाही.

विवळवेढ्याहून मुंबईच्या दिशेने निघाले की महामार्गापासून थोड्या अंतरावर आशेरीगड लागतो. या गडावर पोर्तुगीज राजमुकुटाचे चिन्ह कोरलेली शिळा आजही पाहायला मिळते. डहाणू, तारापूर, आशेरी हा सारा मुलूख एकेकाळी दमणच्या पोर्तुगीज अंमलाखाली होता. ज्या राजाचे ते चिन्ह, तो केवळ किल्लेदारच नेमत नसे. आपल्या ताब्यातील पूर्वेकडच्या प्रदेशांत बिशप कोण असावा हे सुचविण्याचा हक्कही त्याचाच होता. या हक्काला पोर्तुगीज भाषेत ‘पाद्रोआदो’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ आश्रयदात्याचा अधिकार. आश्रय देणाऱ्याने धर्माधिकारी निवडावा की धर्मपीठाने, की ज्यांना त्या धर्माधिकाऱ्याच्या हाताखाली राहायचे आहे त्या लोकांनी, या प्रश्नावर युरोपात दीडदोनशे वर्षे रक्त सांडले. स्कॉटलंड आणि आयर्लंड या दोन देशांत तर तो प्रश्न विशेष चिघळला. त्याची झळ मुंबई, साष्टी, वसईपर्यंत पोहोचली आणि येथील गावांत तो वाद १९२८ पर्यंत धुमसत राहिला. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडे. बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचा प्रमुख. धर्मगुरूला दीक्षा देण्याचा अधिकार त्याचाच असतो. धर्मगुरू नसेल तर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अखेरचा अभ्यंग नाही. म्हणून बिशप खरा की खोटा हा प्रश्न सामान्य ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने दरबारी मानपानाचा नव्हता. आपल्या मरणासन्न बापाला दिलेला संस्कार लागू पडला की नाही, आपले लग्न धर्मदृष्ट्या लग्न ठरते की नाही, इतका तो जवळचा होता.

सन १५३४ च्या अखेरच्या दोन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. ३ नोव्हेंबरला पोप तिसरा पॉल याने आज्ञापत्र काढून गोव्याचा धर्मप्रांत स्थापन केला. त्याच महिन्यात लंडनच्या संसदेने आठवा हेन्री हाच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख असल्याचा कायदा संमत केला. आणि २३ डिसेंबरला गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईचा प्रदेश तहान्वये पोर्तुगीजांना दिला. एका राजाने पोपची सत्ता झुगारली, दुसऱ्याने पोपकडूनच बिशप सुचविण्याचा हक्क मिळवलेला होता. परिणाम मात्र एका बाबतीत सारखा झाला. दोन्हीकडे बिशपाचे आसन राजाच्या मुठीत गेले.

आयर्लंडवर हेन्रीचा हक्क होता, म्हणून इंग्लंडचा कायदा १५३६-३७ च्या आयरिश संसदेनेही मान्य केला. पण देश मनाने जुन्याच धर्मात राहिला. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक आसनावर दोन बिशप दिसू लागले, एक राजाचा आणि एक पोपचा. देऊळ, जमीन व उत्पन्न राजाच्या बिशपाकडे. माणसे पोपच्या बिशपाकडे. आर्मा हे आयर्लंडचे सर्वांत मानाचे आसन. तेथे पोपने १५३९ साली रॉबर्ट वॉचोप या स्कॉटिश विद्वानाची योजना केली. तो ट्रेंटच्या धर्मपरिषदेत बसला, १५५१ साली पॅरिसमध्ये वारला, पण आर्माचा ताबा त्याला कधी मिळाला नाही.

या दुहेरी कारभाराचा सर्वांत नमुनेदार माणूस म्हणजे माय्लर मॅग्रा. हा मूळचा फ्रान्सिस्कन साधू. १५६५ साली पोपने त्याला डाउन व कॉनर येथील बिशप केले. काही वर्षांत त्याने राणी एलिझाबेथचे स्वामित्व मान्य केले आणि १५७१ साली राणीने त्याला कॅशेलचे आर्चबिशपपद दिले. पोपने त्याचे जुने पद काढून घेतले ते १५८० साली. म्हणजे मधली सुमारे नऊ वर्षे हा गृहस्थ कागदोपत्री दोन्ही पंथांचा बिशप होता. पुढे त्याने आणखी धर्मप्रांतांचे उत्पन्न पदरात पाडून घेतले आणि तो थेट १६२२ पर्यंत जगला. दोन दरडींवर पाय ठेवून आयुष्यभर सुखाने उभा राहिलेला असा दुसरा माणूस त्या काळात सापडणे कठीण.

त्याच कॅशेलसाठी पोपने १५८१ साली डर्मट ओहर्ली याची आर्चबिशप म्हणून नेमणूक केली. तो लपतछपत मायदेशी आला आणि १५८३ साली पकडला गेला. डब्लिनमध्ये त्याच्या पायांना उकळत्या तेलाच्या यातना देण्यात आल्या. तरीही तो राणीचे धर्मप्रमुखत्व मान्य करीना. १५८४ च्या जूनमध्ये त्याला फाशी दिले. एकाच आसनाचे हे दोन समकालीन आर्चबिशप. इतिहासकाराने दोघांपैकी कोणाला कॅशेलच्या परंपरेत गणावे? आयर्लंडमध्ये आजही दोन याद्या आहेत आणि दोन्ही चालू आहेत.

शंभर वर्षांनंतरही चित्र फार बदलले नव्हते. आर्माचे कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना बनावट कटाच्या आरोपावरून १ जुलै १६८१ रोजी लंडनच्या टायबर्न येथे ठार मारण्यात आले. १९७५ साली त्यांना संतपद मिळाले. १६९७ च्या कायद्याने सर्व कॅथलिक बिशपांना आणि मठवासी धर्मगुरूंना पुढील वर्षीच्या १ मेपूर्वी देश सोडण्याचा हुकूम झाला. गंमत अशी की या काळात आयर्लंडचे कॅथलिक बिशप सुचवीत होता तोही एक राजाच. फक्त त्याला राज्य नव्हते. पदच्युत होऊन परदेशी राहणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचा हा हक्क रोमने १७६६ पर्यंत मानला. सिंहासन गेले, पण बिशप सुचविण्याचा मान राहिला! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या बदल्यात बिशपांच्या नेमणुकीवर नकाराधिकार मागितला, तेव्हा डॅनियल ओकॉनेल यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्यास कडाडून विरोध केला. हक्कांसाठी थांबू, पण आमचा बिशप सरकारने पारखून द्यावा हे चालणार नाही, अशी ती भूमिका होती.

स्कॉटलंडची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तेथे वाद एका आसनावरील दोन बिशपांचा राहिला नाही. बिशप हे पदच हवे की नको, इथवर तो गेला. १५४६ साली सेंट अँड्र्यूजचे कार्डिनल डेव्हिड बीटन यांनी जॉर्ज विशार्ट या सुधारकाला जाळविले, आणि तीन महिन्यांच्या आत, २९ मे रोजी, त्यांच्याच वाड्यात त्यांचा खून झाला. १५६० साली स्कॉटिश संसदेने पोपची सत्ता संपविली. ग्लासगोचे आर्चबिशप जेम्स बीटन धर्मप्रांताचे दप्तर घेऊन पॅरिसला गेले आणि १६०३ मध्ये तेथेच वारले. सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन मागे राहिले. त्यांना १५७१ साली स्टर्लिंग येथे फाशी झाली.

मग रिकाम्या आसनांचे करायचे काय? कारण आसनांना जमिनी होत्या आणि जमिनींवर सरदारांचा डोळा होता. १५७२ साली तोड निघाली. आसनावर नावाचा बिशप बसवायचा आणि उत्पन्नाचा मोठा भाग सरदाराने घ्यायचा. लोकांनी या बिशपांना ‘टल्कन’ असे नाव दिले. वासरू मेले की गाय पान्हा सोडीत नाही, म्हणून वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करतात, त्याला स्कॉटिश बोलीत टल्कन म्हणत. गुरे पाळणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. बिशप पेंढ्याचा, दूध सरदाराचे.

या ढोंगाचा परिणाम असा झाला की बिशपपदाविषयीच तिटकारा वाढला. धर्मगुरू सारे समान, आणि कारभार एकट्या माणसाच्या हाती नको, वडीलधाऱ्यांच्या मंडळांच्या हाती हवा, हे प्रेस्बिटेरियन मत तेथे रुजले. राजांना ते परवडणारे नव्हते. बिशप गेला तर पाठोपाठ राजाही जाईल, अशी सहाव्या जेम्सची धारणा होती. १६१० साली त्याने बिशपांची पुनःस्थापना केली. १६३७ साली त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने इंग्लंडच्या धर्तीची प्रार्थनापुस्तिका लादताच एडिंबरोच्या सेंट जाइल्स देवळात दंगल उसळली आणि १६३८ च्या ग्लासगो महासभेने बिशप काढून टाकले. दुसऱ्या चार्ल्सबरोबर ते परत आले. १६७९ साली सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप शार्प यांचा त्यांच्या गाडीतून ओढून काढून मुलीच्या देखत खून झाला. अखेर १६८९ साली बिशपांनी नव्या राजाशी, विल्यमशी, निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून हे पद कायमचे गेले.

पण ते बिशप संपले नाहीत. आसन नाही, प्रांत नाही, पगार नाही, तरी परंपरा तुटू नये म्हणून ते गुपचूप नव्या बिशपांना दीक्षा देत राहिले. १७४५ च्या बंडानंतर कायदे इतके कडक झाले की घरच्या माणसांखेरीज चारांहून अधिक जणांसमोर उपासना चालविणे गुन्हा ठरला. अशा या कफल्लक बिशपांपैकी तिघांनी १४ नोव्हेंबर १७८४ रोजी अॅबर्डीनमध्ये सॅम्युअल सीबरी यांना दीक्षा दिली. ते अमेरिकेच्या अँग्लिकन परंपरेतील पहिले बिशप. इंग्लंडच्या बिशपांकडून दीक्षा घ्यायची तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागत होती, आणि अमेरिकन माणसाला ती घेणे शक्य नव्हते. ज्यांच्याजवळ राजा नव्हता त्यांच्याकडे तो गेला.

आता रोमच्या बाजूला काय चालले होते ते पाहू. कोकणाचा धागा तेथेच जुळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोपच्या लक्षात आले की बिशप राजांच्या हाती सापडले आहेत. प्रोटेस्टंट राजे त्यांना येऊ देत नाहीत आणि कॅथलिक राजे आपल्या मर्जीशिवाय नेमू देत नाहीत. यावर १६२२ साली धर्मप्रसारासाठी रोममध्ये एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, ती ‘प्रोपगंडा’. तिच्या हाती एक युक्तीचे साधन होते, व्हिकार अपोस्टोलिक. या माणसाला बिशपाची दीक्षा द्यायची, पण त्याच्या कामाच्या प्रदेशाचे आसन द्यायचे नाही. आसन द्यायचे ते पूर्वेकडच्या कोठल्यातरी लयास गेलेल्या प्राचीन नगराचे. काम मात्र त्याने पोपचा प्रतिनिधी म्हणून नेमल्या जागी करायचे. आसनच नाही, तर राजाचा हक्क कोणत्या आसनावर चालणार? स्कॉटलंडमध्ये जेम्स बीटन यांच्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे एकही कॅथलिक बिशप नव्हता. १६९४ साली टॉमस निकल्सन यांना व्हिकार अपोस्टोलिक नेमले आणि तेथे नियमित आसने पुन्हा निर्माण झाली ती १८७८ मध्ये.

स्कॉटलंडच्या आधी सत्तावन्न वर्षे हेच पद एका कोकणी माणसाला मिळाले होते. मातेउश द कास्त्रो हे दिवाडी बेटावरील ब्राह्मण घराण्यात जन्मले. घराण्याचे मूळ आडनाव म्हाळे असे सांगतात. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरूची दीक्षा नाकारली. कारण उघड होते. पोर्तुगीज धर्मसत्ता एतद्देशीयांना वरच्या पायरीवर येऊ देण्यास तयार नव्हती. कास्त्रो रोमला गेले, तेथे शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ साली त्यांना बिशप करण्यात आले. नाममात्र आसन क्रिसोपोलिसचे, अधिकारक्षेत्र आदिलशाही विजापूरचे. लॅटिन परंपरेत बिशप झालेले ते पहिले भारतीय. योगायोग असा की एडिंबरोच्या देवळात दंगल झाली ती याच वर्षी.

गोव्याने त्यांना मानले नाही. पोपचे पत्र असले तरी राजाच्या संमतीशिवाय आलेला बिशप हा पाद्रोआदोच्या दृष्टीने उपराच. कास्त्रो मग पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतील डिचोली येथे राहिले. त्यांनी स्थानिक मुलांना दीक्षा दिल्या, आणि त्या दीक्षांवरूनही भांडणे झाली. पोर्तुगीजांच्या शत्रूंशी संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही; १६५३ साली त्यांनी गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून लिहिलेले पत्र चांगलेच जहाल आहे. अखेरचे दिवस त्यांनी रोममध्ये काढले. ओहर्लींनी देह दिला, कास्त्रोंनी आयुष्य वणवणीत घालविले. पण दोघांच्या दुखण्याचे मूळ एकच होते.

कास्त्रो यांच्या पदाचा वारसा पुढे मुंबईला आला, तो इंग्रजांमुळे. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, १६६५ साली प्रत्यक्ष ताबा आला. बेटावरची देवळे तेव्हा पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांकडे होती. ते वसईच्या पोर्तुगीजांना सामील असल्याचा संशय कंपनीला येऊ लागला. १७२० च्या मे महिन्यात गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यांना बेटाबाहेर काढले आणि त्यांच्या जागी मॉरिशियस या इटालियन कार्मेलाइट व्हिकार अपोस्टोलिकाला बोलावले. ज्या इंग्रजी सत्तेने आयर्लंडमधून पोपच्या बिशपांना हद्दपार करण्याचा कायदा केला होता, तिच्याच गव्हर्नराने मुंबईत पोपचा बिशप आणून बसविला! तत्त्वाचा प्रश्न नव्हताच. आयर्लंडमध्ये पोप हा शत्रूचा मित्र होता, मुंबईत तो शत्रूचा प्रतिस्पर्धी होता, एवढाच फरक.

उत्तरेकडे १७३९ साली चित्र पालटले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत डहाणू, तारापूर आणि अखेर मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, तरी राहिलेल्या ख्रिस्ती वस्तीची सेवा गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील एतद्देशीय पाद्री करीत राहिले. राजाने पाठ फिरवल्यावरही ही गावे टिकली ती या पाद्र्यांमुळे. वसई व साष्टीतील माणसांची गोव्याशी जी निष्ठा पुढे दिसते, तिला कट्टरपणा म्हणून मोडीत काढण्याआधी हे ध्यानात घेतले पाहिजे.

१७७४ साली साष्टी इंग्रजांकडे आली आणि दोन्ही अधिकारक्षेत्रे एकमेकांना भिडली. १७८९ साली मुंबई सरकारने बेटावरील देवळे गोव्याच्या आर्चबिशपांना परत दिली. १७९१ साली ती पुन्हा कार्मेलाइटांकडे सोपविली. दोन्ही बाजूंचे अर्ज येतच राहिले. शेवटी १७९४ मध्ये कंपनीने देवळांची चक्क वाटणी केली. माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्व्हासांव ही गोव्याच्या पक्षाकडे. भुलेश्वरजवळचे एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल ही प्रोपगंडाच्या पक्षाकडे. भावाभावांत शेत वाटावे तशी ही वाटणी. ती करणारे साहेब स्वतः प्रोटेस्टंट होते.

एकोणिसाव्या शतकात या भांडणात आयरिश माणूस आला. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपायांचा भरणा मोठा होता. त्यांना इंग्रजी बोलणारे धर्मगुरू हवे होते आणि पोर्तुगीज वा इटालियन पाद्र्यांचे बोलणे त्यांना कळत नसे. रोमने १८३४ साली मद्रासला डॅनियल ओकॉनर आणि कलकत्त्याला रॉबर्ट सेंट लेजर हे आयरिश व्हिकार अपोस्टोलिक पाठविले. मुंबईत १८४८ ते १८५० या काळात जॉन फ्रान्सिस व्हेलन हे आयरिश कार्मेलाइट या पदावर होते. त्यांची कारकीर्द अल्प ठरली. पण दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या बिशपांना देशाबाहेर काढले, त्या देशाचे बिशप आता इंग्रजांच्या तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत बसले होते.

तोवर वाद विकोपाला गेला होता. १८३८ साली पोपने आज्ञापत्र काढून कोचीन, क्रांगनूर व मैलापूर या पाद्रोआदोच्या आसनांचे अधिकार व्हिकार अपोस्टोलिकांना दिले. गोव्याच्या पक्षाने हे मानले नाही. रोमने त्यांना फुटीर म्हटले. व्हेलन यांच्यानंतर मुंबईचा कारभार अनास्तासियस हार्टमन या स्विस कापुचिन बिशपांकडे आला. १८५० साली सुरू झालेले ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक त्यांच्याच प्रेरणेचे. १८५३ साली मकावचे पोर्तुगीज बिशप मुंबईस आले आणि हार्टमन यांची परवानगी न घेता त्यांनी येथे बिशपाचे विधी केले. रोमने त्याचा कडक निषेध केला. त्याच वर्षी माहीमच्या सेंट मायकल देवळाच्या मालकीवरून तंटा पेटला. हार्टमन देवळात जाऊन बसले आणि विरुद्ध पक्षाने बाहेरून वेढा घातला. आत रसद जाऊ नये असा बंदोबस्त झाला. देऊळ सोडण्यापेक्षा मरण पत्करीन, असा बिशपांचा निर्धार होता. हा प्रकार कित्येक दिवस चालला आणि सरकारला मध्ये पडावे लागले. शेवटी ते देऊळ पाद्रोआदोकडेच गेले. वेढा घालणारे आणि वेढलेले दोघेही एकच मिस्सा म्हणत होते, एकाच पोपचे नाव घेत होते.

या सगळ्याचा भार पडला तो गावांवर. वांद्र्यासारख्या ठिकाणी सेंट अँड्र्यूचे देऊळ एका अधिकाराखाली, तर सेंट पीटरचे दुसऱ्या अधिकाराखाली. कोणत्या देवळात लग्न लावायचे, कोणत्या दफनभूमीत माती द्यायची, यावर घराघरांत दोन तट पडले.

आता या गोष्टीतील तिसरा पक्ष, ज्याला बिशप नकोच होता. १८१३ च्या सनदेने कलकत्त्याला अँग्लिकन बिशप आला. स्कॉटिश लोकही कंपनीच्या नोकरीत मुबलक होते, म्हणून त्यांनाही त्यांचे प्रेस्बिटेरियन धर्मगुरू मिळाले आणि १८१९ साली मुंबईच्या कोटात सेंट अँड्र्यूचे स्कॉट्स कर्क उभे राहिले. स्कॉटिश धर्मगुरूंनी भारतात लावलेली लग्ने कायदेशीर ठरावीत म्हणून १८१८ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला, यावरून बिशप नसलेल्यांची अडचण कळते. मुंबईला स्वतंत्र अँग्लिकन बिशप मिळाला १८३७ साली. ते टॉमस कार. सेंट टॉमसचे देऊळ तेव्हापासून कॅथीड्रल झाले.

याच मुंबईत १८२९ साली जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी आले. विल्सन कॉलेजमुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. उत्तर कोकणातील वारली व कातोडी यांच्याविषयी त्यांनी लिहिलेला वृत्तान्त १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या समाजांविषयी इंग्रजीत झालेले ते अगदी आरंभीचे लेखन. वारल्यांचे वाघ्या हे दैवत विल्सन यांनी टिपले. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक सवाष्ण बाई. तिला कोणा राजाची सनद लागत नाही आणि कोणा पीठाची दीक्षाही लागत नाही.

१८४३ हे वर्ष विल्सन यांच्या स्वतःच्या चर्चच्या दृष्टीने भूकंपाचे ठरले. स्कॉटलंडमध्ये बिशप नव्हते खरे, पण गावचा धर्मगुरू कोण असावा हे ठरविण्याचा हक्क १७१२ च्या कायद्याने तेथील जमीनदाराकडे होता. इंग्रजीत त्या हक्काचे नाव ‘पेट्रनेज’; पोर्तुगीजांचा ‘पाद्रोआदो’ तो हाच शब्द. गावाला नको असलेला धर्मगुरू जमीनदाराने लादायचा का, या प्रश्नावर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत साडेचारशेहून अधिक धर्मगुरू राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले. घरे, पगार, देवळे सोडून त्यांनी स्वतंत्र चर्च काढले. विल्सन त्या वेळी स्वदेशी परतण्याच्या प्रवासात होते. तेही नव्या चर्चला मिळाले आणि मुंबईतील मिशनची इमारत त्यांना सोडावी लागली. मुंबईत गोव्याचे पाद्री आश्रयदात्याच्या हक्कासाठी भांडत होते, त्याच वेळी त्याच हक्काविरुद्ध स्कॉटिश मिशनरी आपले छप्पर गमावीत होता. दोन्ही पक्षांची माणसे मुंबईच्या रस्त्यांवर एकमेकांना भेटत असणार. आपण एकाच गोष्टीवर झगडतो आहोत हे त्यांना जाणवले असेल का, कोण जाणे. स्कॉटलंडमधील तो कायदा १८७४ साली रद्द झाला. आयर्लंडमध्येही अँग्लिकन चर्चचा राजाश्रय १८६९ च्या कायद्याने काढून घेतला आणि १ जानेवारी १८७१ पासून ते सरकारी चर्च उरले नाही.

कोकणातला तंटा मिटायला त्याहून अधिक वेळ लागला. १८८६ साली पोर्तुगाल व रोम यांच्यात करार होऊन मुंबईला आर्चबिशप मिळाला आणि पाद्रोआदोसाठी दमणचा वेगळा धर्मप्रांत निघाला. याने दुहेरी कारभार संपला नाही, उलट त्याला नियमांचे रूप आले. मुंबई-साष्टीतील मूळ रहिवासी कॅथलिकांनी १८८७ च्या सुमारास स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेण्यास प्रारंभ केला, त्यामागे नोकऱ्यांतील स्पर्धेप्रमाणे गोव्याहून वेगळी ओळख सांगण्याची गरजही होती. १९२८ साली दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन झाला. पण तडजोड काय, तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा! त्याप्रमाणे ज्वाकीम लिमा आले आणि त्यांच्यामागून १९३७ साली टॉमस रॉबर्ट्स. या दुसऱ्या गृहस्थांना ही व्यवस्था मनापासून हास्यास्पद वाटत होती. त्यांनी १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप करून घेतले आणि स्वतः मुंबईबाहेर राहून त्यांना वाट करून दिली. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने भारतातील नेमणुकीचा हक्क सोडला. त्याच वर्षी ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल. कास्त्रो यांच्या दीक्षेला तेव्हा तीनशे सोळा वर्षे होऊन गेली होती.

प्रोटेस्टंटांतील गाठ सुटली ती नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत बिशप असलेले अँग्लिकन आले, आणि बिशप न मानणारेही आले. स्कॉटिश मिशनमधून उभे राहिलेले प्रेस्बिटेरियन, गुजरातेत १८४१ पासून काम करणाऱ्या आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनची मंडळी, आणि चर्च ऑफ द ब्रदरन. या शेवटच्या अमेरिकन मिशनचे डहाणू रोडचे रुग्णालय जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. तोड अशी निघाली की बिशप परंपरेतला असावा, पण घटनेने बांधलेला असावा. १६३८ साली ग्लासगोत जे जमले नाही ते येथे मान्य झाले. सर्वांना मात्र ते पचले नाही. ब्रदरनपैकी काही जण वेगळे झाले, मालमत्तेचा वाद न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ब्रदरन न्यासाच्या मालमत्ता विलीनीकरणाने नव्या चर्चकडे जात नाहीत असा निर्णय दिला.

कॅथलिकांच्या बाजूने १९९८ साली मुंबईच्या धर्मप्रांतातून वसईचा नवा धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. डहाणू व तलासरी त्यातच येतात. पहिले बिशप म्हणून पोपने थॉमस डाबरे यांना नेमले. ते वसईचेच सुपुत्र, आणि त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता संत तुकाराम.